प्लेट माझी, फ्रेम साडूची

माझ्या थोरल्या साडूवर माझा राग आहे आणि तो मी जिवापाड जपलेला आहे. रक्तदाबाची गोळी सुरू झाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, चिडचिड कमी करा. मी ऐकलं. वीज गेली की चिडायचो, ते सोडलं. लग्नपत्रिकेचा मजकूर शेवटच्या घटकेला बदलणाऱ्यांवर चिडायचो, तेही सोडलं. त्यातून जी चिडचिड वाचली ती सगळी साडूसाठी राखून ठेवली. तेव्हा या लिहिण्यात कुठे त्यांच्याविषयी चांगला शब्द सापडलाच, तर तो चुकून राहिला असं समजावं.

साडू आष्टीचे. सिमेंट आणि लोखंडी सळयांचं दुकान, दारात ट्रक, गळ्यात जाड साखळी. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणून सासरी पहिला मान त्यांचा. बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजी म्हणतो. ते मला पाव्हणं म्हणतात. मी मोटारसायकल घेतली की ते तिच्याहून मोठी घेणार. मी गच्चीवर पत्रे टाकले की ते स्लॅब टाकणार. पंचवीस-तीस वर्षं हे असंच चाललं आणि मी हसून सोडून देत आलो, कारण माझ्याजवळ एक गोष्ट अशी होती की जी त्यांना विकत घेता येणार नव्हती. असं मला वाटत होतं.

ती गोष्ट सांगायची तर आधी माझा धंदा सांगायला हवा. राजूरला गणपतीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझा छापखाना आहे. लग्नपत्रिका, चतुर्थीची पत्रकं, पावतीपुस्तकं, दशक्रियेच्या चिठ्ठ्या. आता सगळं कॉम्प्युटरवर होतं, पण मी धंद्यात उतरलो तेव्हा शिशाचे खिळे होते. एकेक अक्षर उचलायचं आणि ओळीत उलटं लावायचं, म्हणजे कागदावर ते सुलटं उठतं. वर्षानुवर्षं तेच केल्यामुळे मला उलटं वाचायला कधी कष्ट पडत नाहीत. आरशात दुकानाची पाटी दिसली तरी मी ती सरळ वाचून मोकळा होतो आणि बायको म्हणते, काय माणूस आहे.

खिळ्यांच्या दिवसांत मला आणखी एक खोड लागली होती. कुठलीही पत्रिका हातात आली की ती कुठल्या छापखान्यातून निघाली हे मी सांगायचो. एका ठिकाणच्या ‘श्री’ची वेलांटी तुटलेली असायची, दुसऱ्या ठिकाणचा ‘र’ झिजून बोबडा झालेला असायचा. मंडपात लोक जेवायला बसायचे आणि मी पत्रिका डोळ्यांजवळ धरून तुटकी वेलांटी शोधायचो. अक्षर सगळीकडे एकच असलं तरी प्रत्येक खिळ्याचा चेहरा वेगळा असतो, हे माझ्या हाडात मुरलेलं होतं. म्हणूनच त्या अमेरिकन तिकिटानं मला धरलं.

परदेशी तिकिटांचं एक मिसळलेलं पाकीट मी सहज मागवलं होतं. त्यात एक जुनं, मळकट, विटकरी रंगाचं तिकीट निघालं. किंमत तीन सेंट. मध्ये त्यांच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांचा डावीकडे बघणारा चेहरा. कडेला भोकं नाहीत. त्या काळी भोकं पाडायची पद्धत तिकडे आलेली नव्हती, टपालवाले कात्रीनं कापून द्यायचे. मी त्याच्याविषयी वाचायला लागलो आणि रात्रीचं जेवण थंड झालं.

गोष्ट अशी होती. पोलादाच्या एका प्लेटवर तोच चेहरा दोनशे वेळा दाबून उठवलेला असायचा, डाव्या भागात शंभर आणि उजव्या भागात शंभर. दाबताना बारीक रेघा नीट उठल्या नाहीत, म्हणून कारागिरानं कोरणी घेऊन एकेका चेहऱ्याच्या भोवतालच्या रेघा हातानं पुन्हा कोरल्या. हात माणसाचाच होता. एका जागी रेघ कोपऱ्याच्या बाहेर गेली, एका जागी दोन रेघा एकमेकींना चिकटल्या, एका जागी कोरायचीच राहून गेली. म्हणजे दोनशे तिकिटं दिसायला सारखी, पण भिंगाखाली धरली तर दोनशे वेगळी. सुटं तिकीट हातात आलं की ते प्लेटवरच्या नेमक्या कुठल्या जागेवरून छापलं गेलं हे ओळखता येतं. आणि सगळ्या जागांची तिकिटं एकेक करून जमवली, तर कधीच विखुरलेला तो कागद पुन्हा उभा करता येतो. तिकडे लोकांनी याच्यात आयुष्यं घातली आहेत. मला ते वाचून वेडं वाटलं नाही. मला वाटलं, ही तर माझीच माणसं.

अशा बऱ्याच प्लेटा होत्या, त्यातल्या एकीचा डावा भाग मी धरला. शंभर जागा. त्या तिकिटात दुर्मीळ असं काही नाही, तिकडे ती ढिगानं मिळतात. पण ढिगातलं कुठलं तिकीट माझ्या प्लेटचं आणि त्यातही कुठल्या जागेचं, हे शोधायला डोळे फोडावे लागतात. मी ते आनंदानं फोडले. दुपारी छापखान्यात गिऱ्हाईक नसलं की दार अर्धं ओढून घ्यायचं, दिवा खाली ओढायचा आणि भिंग डोळ्याला लावायचं. एक जागा सापडली की मी मागच्या दारी जाऊन चूळ भरून यायचो, इतकं तोंड कोरडं पडलेलं असायचं. बायकोला सांगितलं की ती म्हणायची, “सापडली का तुमची एकसष्टावी? मंग आता जेवून घ्या.”

सापडलेलं तिकीट मी कुठे ठेवायचो, यावर पुढचं सगळं उभं आहे, म्हणून ते नीट सांगतो. खिळ्यांच्या ओळी ठेवायची लोखंडी गॅली, म्हणजे कडा असलेलं उथळ ताट, माझ्याकडे पडून होती. त्यात मी जाड कागद अंथरून शंभर घरं आखली. आणि तिकिटं त्या घरांत पालथी ठेवली. चेहरा खाली, पाठ वर. याला कारण होतं. छापताना ओला कागद प्लेटवर पालथाच पडतो. छापखानेवाल्याच्या मनात कागद असाच असतो, प्लेटवर पडलेला. पाठीवर मी पेन्सिलनं आकडे लिहीत नव्हतो, तिकिटाच्या अंगावर लिहिणं मला पाप वाटतं. जागा हाच आकडा. पालथं असल्यामुळे पहिलं तिकीट उजव्या वरच्या कोपऱ्यात यायचं आणि दहावं डाव्या. मला ते उलटं आहे असं कधी जाणवलंही नाही.

दाजींनी ते ताट पहिल्यांदा बघितलं तेव्हा पोट धरून हसले होते. “पाव्हणं, एकच तिकीट शंभर येळा जमवून काय करून राह्यले? आमच्या दुकानात या, एकच सळई हजार येळा दाखवतो.” सगळे हसले. मीही हसलो. मग कुठून तरी त्यांच्या कानावर गेलं की अशी पूर्ण प्लेट प्रदर्शनात मांडली तर पदक मिळतं, वर्तमानपत्रात फोटो येतो. त्यानंतर त्यांनी किलोनं तिकिटं विकत घेतली. ती घरी ओतून महिनाभर चिवडली आणि एकही जागा त्यांना ओळखता आली नाही. एकदा चार तिकिटं घेऊन माझ्याकडे आले. चारही वेगळ्याच प्लेटांची होती. मी तसं सांगितलं तेव्हा त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. त्या दिवशी मला जो आनंद झाला तो मी लपवला नाही, आणि बहुधा तेच त्यांच्या डोक्यात राहिलं.

माझी शंभरावी जागा भरली आणि नेमकं तेव्हाच उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला. जालन्याला ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, काही आठवडे भिंग नाही, धूळ नाही, मान खाली घालून बारीक काम नाही. छापखान्यात तर धुळीशिवाय दुसरं काय असतं? मी डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून घरी बसलो. दाजी सफरचंदं घेऊन भेटायला आले. बसले, इकडचं तिकडचं बोलले, मग हळूच म्हणाले, “पाव्हणं, ते ताट तिकडं धुळीत काऊन ठेवलं? माझ्या वळखीचा फ्रेमवाला हाय जालन्याला. एकदम बराबर काम करतो. फ्रेम करून घेऊ, प्रदर्शनात मांडू. खर्चा सगळा माझा.”

मी म्हणालो, “नाव कोणाचं?”

त्यांनी कानाला हात लावला. “तुमचंच की! मला त्यातलं काय कळतं?”

बायको म्हणाली, “दाजी इतकं म्हणून राह्यले तर द्या ना. तुमचं कौतुक होईल तर कोणाला नको हाय?” एका डोळ्यानं माणसाला अर्धंच दिसतं. मी ताट दिलं. गाडीत ठेवताना मी सांगितलं की आडवं धरा, हलवू नका. ते म्हणाले, बिलकुल हलणार न्हाई. आणि खरंच त्यांनी एकही तिकीट हलू दिलं नाही, हे मला नंतर कळलं.

पट्टी निघाली, चष्म्याचा नवीन नंबर आला. मी दाजींना फोन केला की फ्रेम झाली का. म्हणाले, फ्रेमवाला गावाला गेलाय. पुन्हा फोन केला. म्हणाले, काच फुटली, दुसरी मागवलीय. मग फोन उचलेनासेच झाले. तेवढ्यात धोंड्याचा महिना आला आणि सासरचं बोलावणं आलं. घनसावंगीला दोन्ही जावई शेजारी शेजारी पाटावर बसलो. सासूबाईंनी पहिलं ताट दाजींपुढे ठेवलं, मग माझ्यापुढे. पुरणाच्या धोंड्यावर तुपाची धार पडत होती आणि मेहुणा हातात मोबाईल नाचवत आला. “दाजींचं बघितलं का? पदक भेटलं त्यांना!”

मोबाईल हातोहात फिरत माझ्याकडे आला. दाजी फेटा बांधून उभे होते. गळ्यात पदक. मागे भिंतीवर फ्रेम आणि फ्रेमीत माझी शंभर तिकिटं. खाली पाटीवर त्यांचं नाव, आडनाव, गाव. माझं कुठेच नव्हतं. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या हौशी लोकांचं कसलंसं प्रदर्शन होतं, आणि मला कोणी सांगितलंही नव्हतं. मी दाजींकडे बघितलं. ते धोंडा मोडत होते. मान वर न करता म्हणाले, “अर्जात एकच नाव बसत होतं, पाव्हणं. आपल्यात काय तुझं-माझं?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातला घास ताटात टाकून त्यांच्या नरड्याला हात घालावा असं मला खरोखर वाटलं. बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात सवयीनं माझी दोन बोटं मोबाईलवर फिरली आणि फोटो मोठा झाला. नवीन डोळा, नवीन चष्मा. मला सगळ्यात आधी उजवीकडचा उभा रकाना दिसला. त्यात तीन तिकिटं अशी होती की त्यांच्या डाव्या बाजूला पांढऱ्या कागदाची रुंद पट्टी होती. ती माझी लाडकी तिकिटं. ती कागदाच्या डाव्या काठावरची, म्हणून त्यांना काठाचा कोरा कागद चिकटून आलेला. कोरा काठ नेहमी बाहेर असतो. इथे तो आत आला होता, शेजारच्या तिकिटाला टेकून.

मग मला कळलं. दाजींनी ताटातलं एकेक तिकीट उचललं, सुलटं केलं आणि फ्रेमीत त्याच जागी बसवलं. मन लावून, न हलवता, शंभर वेळा. अख्खा कागद भाकरी उलथावी तसा एकदम उलथला असता तर सगळं बरोबर आलं असतं. एकेक सुलटवल्यामुळे प्रत्येक ओळ आरशातल्यासारखी उलटी झाली. पहिलं दहाव्याच्या जागी, दहावं पहिल्याच्या जागी. फ्रेमीत शंभर तिकिटं होती, आणि एकूणएक ओळ चुकीची. तिथल्या परीक्षकांनी परदेशी माल बघितला, संख्या बघितली, स्वच्छ काम बघितलं आणि पदक देऊन टाकलं.

मी उघडलेलं तोंड मिटलं. मोबाईल मेहुण्याला परत दिला. “वा दाजी!” म्हणालो. “आता इथंच थांबू नका. हे मोठ्या प्रदर्शनात गेलं पाहिजे.” दाजींनी पहिल्यांदाच मान वर केली. त्यांना भांडण अपेक्षित होतं. मी आणखी एक धोंडा मागून घेतला आणि तो शेवटच्या कणापर्यंत खाल्ला.

त्यानंतरचे महिने माझ्या आयुष्यातले फार सुखाचे गेले. संभाजीनगरला मोठं प्रदर्शन भरणार होतं, बाहेरच्या राज्यांतून जाणकार परीक्षक येणार होते. दाजींना मी त्यात उतरवलं. फॉर्म मी आणून दिला. ते जरा कचरले की मी म्हणायचो, तुमच्यासारखं काम मराठवाड्यात कोणाकडे नाही. हरभऱ्याच्या झाडावर चढवतात म्हणतात, मी त्यांना फांदीफांदीवर हात देऊन वर घेतलं. एवढंच नाही, माझ्या छापखान्यात त्यांच्या अभिनंदनाची रंगीत पत्रकं छापली. ‘अमेरिकन टपाल तिकिटांचे गाढे अभ्यासक, आष्टीचे भूषण.’ कागद भारी वापरला. पैसे घेतले नाहीत. आष्टीच्या बाजारात ती विजेच्या खांबाखांबावर लागली. सगळ्या पाहुण्यांना मी स्वतः फोन करून सांगितलं की संभाजीनगरला यायचंच, दाजींना मोठं पदक मिळणार आहे.

बायको मला ओळखून आहे. एकदा भाजी निवडताना म्हणाली, “तुमची चीज त्यांनी नेली, आन् तुम्ही त्यांची पत्रकं छापून राह्यले. तुमच्या पोटात दुखून न्हाई राह्यलं, म्हणजे काहीतरी काळंबेरं हाय.”

मी म्हणालो, “मी आता निवळलोय.”

“तुम्ही?” ती म्हणाली आणि मेथीची जुडी आपटून उठून गेली.

फ्रेम काढून घ्यायचा विचार माझ्या मनात आला नाही असं नाही. रोज यायचा. पण मागितली असती तर ते म्हणाले असते, कुठं लिहिलंय तुमचं नाव? आणि खरंच कुठे लिहिलेलं होतं? तिकिटांच्या पाठी मी कोऱ्या ठेवल्या होत्या. एवढी वर्षं घातली आणि घराबाहेर कोणाला माहीत नव्हतं की हे मी केलं. माहीत होतं ते फक्त घरात, माझ्या बायकोला, दाजींना आणि अर्धवट त्या मेहुण्याला. ती प्लेट माझी आहे हे चार लोकांत ऐकायला मिळावं, एवढंच मला हवं होतं. आणि तेवढं मिळत नसेल तर दाजी तोंडघशी पडलेले बघायचे होते. देवाजवळ मी दोन्ही मागितलं नाही. एकच मागितलं, दुसरं.

प्रदर्शनाच्या दिवशी आम्ही सगळे गेलो. काळी-पिवळी जीप ठरवून राजूरचे आम्ही, घनसावंगीचे सासरे-मेहुणे, आष्टीहून दोन गाड्या भरून दाजींचे लोक. सभागृहात रांगेनं फ्रेमी लावल्या होत्या. दाजींची फ्रेम दाराजवळच, चांगल्या उजेडात. ते नवा सदरा घालून तिच्याशेजारी उभे राहिले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला नमस्कार करत राहिले. मी पाठीमागे खुर्चीत बसलो. लग्नाच्या दिवशीही मी इतका अधीर नव्हतो.

परीक्षकांमध्ये एक वयस्कर बाई होत्या. पांढरे केस, साधी सुती साडी, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. त्या पुण्याच्या होत्या आणि जुन्या अमेरिकन तिकिटांत त्यांचा हातखंडा होता असं मागे कोणीतरी कुजबुजत होतं. त्या दाजींच्या फ्रेमीपुढे आल्या. आधी सगळीकडे एकदा नजर फिरवली. मग थांबल्या. भिंग लावलं, डावा वरचा कोपरा बघितला. मग तडक उजव्या कोपऱ्याकडे गेल्या. मी खुर्चीच्या कडेवर आलो.

“यातली पहिली जागा कुठली?” त्यांनी दाजींना विचारलं.

दाजींनी ऐटीत डाव्या वरच्या कोपऱ्याला बोट लावलं.

“ही दहावी आहे,” बाई म्हणाल्या. आवाज शांत होता. “आणि हा बघा, कागदाचा कोरा काठ. तो फ्रेमीच्या आत कसा आला? काठ बाहेर असतो ना?” त्यांनी एकेक ओळ दाखवली. “ही उलटी. ही उलटी. सगळ्याच उलट्या आहेत. तुम्ही या जागा स्वतः ओळखल्या आहेत का?”

आजूबाजूला माणसं जमली. आष्टीचे लोक पुढे सरकले, काय झालं म्हणून. दाजींच्या कपाळावर घाम आला. त्यांनी फ्रेमीकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, स्वतःच्या बायकोकडे बघितलं. आता पडतोय, आता पडतोय. आणि मग त्यांची नजर माझ्यावर आली.

“हे मी न्हाई केलं, मॅडम!” ते मोठ्यानं म्हणाले. सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं. “हे सगळं आमच्या साडूचं काम हाय. ते बघा, बसलेले. जागा त्यांनीच वळखल्या, त्यांनीच लावल्या. मी निस्ती फ्रेम केली. चूक असंल तर त्यांची.” आणि त्यांनी माझं नाव घेतलं. आडनावासकट, गावासकट, छापखान्यासकट.

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी एवढी वर्षं ज्याची वाट बघत होतो ते मला मिळालं होतं, शंभर माणसांत, खणखणीत आवाजात. आणि ते नेमकं त्या घटकेला मिळालं, जेव्हा ती फ्रेम चुकीची ठरली होती. मी माझं म्हटलं तर चूक माझी. माझं नाही म्हटलं तर प्लेट माझी नाही. हा माणूस बुडतानाही मला धरून बुडत होता. मला इतका संताप आला की डोळ्यांपुढे खरोखर काळं झालं. सासरे माझ्याकडे बघत होते. बायको माझ्याकडे बघत होती, आणि तिचा चेहरा बघून मला वाटलं, हिला सगळं आधीच कळलेलं आहे.

मी उठलो. पुढे गेलो. “हो,” म्हणालो. “हे काम माझं आहे. शंभरच्या शंभर जागा मी ओळखल्या.”

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग पुन्हा भिंग लावून मधलं एक तिकीट बघितलं, त्याच्या शेजारचं बघितलं, खालच्या ओळीतलं बघितलं. मग माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, “जागा सगळ्या बरोबर आहेत. एकही चुकलेली नाही. फक्त उलट्या आहेत. तुम्ही पालथी मांडता का?”

“माझा छापखाना आहे,” मी म्हणालो.

त्या हसल्या. “मीही पालथीच मांडते,” म्हणाल्या. मग दाजींकडे एक नजर टाकली आणि विचारलं, “यांनी एकेक करून सुलटी केली. तुम्ही कधी बघितलंत?”

“मागच्या पदकाच्या फोटोत.”

“मग सांगितलं का नाही?”

“त्यांनी विचारलं नाही.”

बाईंनी मान हलवली. मला त्यांचा राग समजला आणि त्यांना माझा. नियमाप्रमाणे फ्रेम बाद झाली. मांडणाऱ्याचं नाव आयत्या वेळी बदलता येत नाही, त्यामुळे बक्षीस मलाही नाही. त्यांच्या कागदावर शेऱ्यात काय गेलं ते मी विचारलं नाही. उलट्या मांडणीपुढे माझं नाव गेलं असेल तर गेलं असेल.

मी फ्रेमीपाशी गेलो आणि खिळ्यावरून ती उतरवली. दाजी पुढे आले. “पाव्हणं, हे काय करून राह्यले? एवढा खर्चा केला मी त्याच्यावर!”

“तुम्हीच सांगितलं ना आत्ता,” मी मोठ्यानं म्हणालो, ते बोलले होते तितक्याच मोठ्यानं. “सगळ्यांनी ऐकलं. माझी हाय. माझी चीज मी घेऊन चाललो.”

त्यांनी आजूबाजूला बघितलं. आष्टीचे लोक, घनसावंगीचे लोक, सासरे. आपलाच शब्द आता फिरवायचा तर उलटी फ्रेम पुन्हा स्वतःच्या गळ्यात घ्यावी लागली असती. त्यांचा हात पुढे आला होता तो तसाच खाली गेला. सासरे पहिल्यांदाच काहीतरी बोलले. “न्हेऊ द्या त्यांना,” म्हणाले, आणि आष्टीच्या गर्दीतून माझ्यासाठी वाट करून दिली.

जिन्यावर दाजींनी मला गाठलं. धाप लागली होती, सदरा पाठीला चिकटला होता. त्यांची बायको दोन पायऱ्या वर उभी होती आणि सगळं ऐकत होती. “तुम्हाला म्हाईत होतं,” ते म्हणाले. “धोंड्याच्या दिवसापासून म्हाईत होतं. तरी पत्रकं छापली. गावभर लावली. मला एका शब्दानं सांगता आलं नसतं?”

मला वाटलं होतं की या वेळी मी खूप काही बोलेन. महिनोन् महिने मी वाक्यं जुळवून ठेवली होती, एकाहून एक जहरी. त्यातलं एकही तोंडात आलं नाही.

“तुमच्या तोंडून माझं नाव ऐकायचं होतं, दाजी,” मी म्हणालो. “ते ऐकलं.”

ते जिन्याच्या कठड्याला धरून उभे राहिले. मी फ्रेम दोन्ही हातांत आडवी धरली आणि उतरायला लागलो.